उंच कॅम, तापलेली हवा

मे महिन्यात वर्ध्याची हवा खरोखर पातळ होते, मोजून दाखवता येईल इतकी. थंडीतल्या सकाळी १५ अंशांवर असलेली हवा मेच्या दुपारी ४५ अंशांवर पोचली की तेवढ्याच जागेत ती नऊ-दहा टक्के कमी मावते. आपण डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, कुलरसमोर बसतो, बाजाराची कामं संध्याकाळवर ढकलतो. गाडीच्या इंजिनाला यातलं काहीच करता येत नाही. एक लिटर पेट्रोल नीट जाळायचं तर त्याला नऊ हजार लिटरच्या वर हवा लागते. टाकी काठोकाठ भरलेली असो, हवा कमी पडली की ताकद कमी पडली. बजाज चौकातून एसी लावून निघालेली जुनी गाडी मेमध्ये जशी जड पावलांनी उचलते, तशी डिसेंबरात उचलत नाही. हा फरक चालवणाऱ्याच्या पायाला आधी कळतो, डोक्याला नंतर.

वेगवान गाड्यांचा इतिहास मी वाचत गेलो, तसतसा तो मला या एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसला. पेट्रोल आत सोडणं अवघड नाही, ठिणगी पाडणंही नाही. हवा मात्र हट्टी असते. तिला वजन आहे, जडत्व आहे, निघायला वेळ लागतो आणि निघाली की थांबायलाही. इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेरे घेत असेल तर हवा ओढून घेणाऱ्या एका खेपेला सेकंदाचा अडीचशेवा भाग मिळतो. तेवढ्यात व्हॉल्व्ह उघडायचा, हवा आत यायची, व्हॉल्व्ह मिटायचा. या अडीचशेव्या भागाचं काय करायचं, याची दोन मोठी उत्तरं निघाली. एकाने व्हॉल्व्हची उचल बदलून दाखवली, दुसऱ्याने हवाच दाबून आत कोंबली. मी दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवतो, दोन्हींचं मोल जाणतो. पण जीव एकीवर जास्त आहे, आणि तो का आहे हे मला नीट सांगायचं आहे.

व्हॉल्व्ह उघडतो तो कॅममुळे. फिरणाऱ्या दांड्यावर एका बाजूने फुगलेला पोलादी उंचवटा असतो. तो खाली आला की व्हॉल्व्ह दाबला जातो, पुढे गेला की स्प्रिंग त्याला परत मिटवते. हा उंचवटा किती उंच आणि किती रुंद ठेवायचा, यात इंजिनाचा स्वभाव ठरून जातो. बुटका ठेवला तर गर्दीत, हळू चालताना इंजिन शांत राहतं, अ‍ॅव्हरेज चांगला देतं; पण वरच्या फेऱ्यांत त्याचा दम कोंडतो. उंच ठेवला तर वर ते मोकळं धावतं, पण सिग्नलवर उभं असताना थरथरतं, अडखळतं, धूर सोडतं आणि पेट्रोल वाया घालवतं. शर्यतीच्या गाड्यांना पूर्वी हेच चालत असे. रोज दूध-भाजी आणणाऱ्या गाडीला ते चालणार नव्हतं, म्हणून घरगुती गाड्यांच्या नशिबी कायम बुटका कॅम आला.

होंडा कंपनीत इकुओ काजितानी नावाचे अभियंते या तडजोडीवर काम करत होते. नव्या १.६ लिटरच्या इंजिनासाठी लिटरमागे ९० अश्वशक्तीचा विचार चालू होता. संशोधन विभागाचे प्रमुख नोबुहिको कावामोतो यांनी १०० का नकोत, असं विचारलं. तेव्हाच्या रस्त्यावरच्या गाडीसाठी ही मागणी फार मोठी होती, आणि त्यावर कंपनीची हमीही द्यायची होती. काजितानींच्या चमूने दोन्ही स्वभाव एकाच दांड्यावर बसवले. १९८९ साली जपानमध्ये होंडा इंटेग्रा बाजारात आली. १५९५ सीसीचं इंजिन, ७६०० फेऱ्यांना १६० अश्वशक्ती. वर ना टर्बो, ना दुसरं कुठलं जोडयंत्र. व्ही-टेक हे नाव तिथून जगभर गेलं.

मी ते तंत्र डोळ्यांनी पाहिलं ते वर्ध्यातल्याच एका गॅरेजमध्ये. माझ्या २००२ च्या होंडा सिटीचं हेड गॅस्केटसाठी उघडलं होतं. ही दीड लिटरची व्ही-टेक सिटी, १०६ अश्वशक्तीची. मिस्त्रींनी हेड बाकावर ठेवलं, डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने काळं तेल पुसून काढलं आणि मला जवळ बोलावलं. हवा आत घेणाऱ्या बाजूला प्रत्येक सिलिंडरला तीन कॅम शेजारी शेजारी होते. कडेचे दोन बुटके, आणि त्यांच्या मधला चांगलाच उठून दिसणारा.

“हे पाहा भाऊ, दोन लहान, मधात हा मोठा. हा मधातला फुकट फिरते.”

“फुकट?”

“पाच हजार फेऱ्यापर्यंत फुकट. कोणालेच दाबत नाई. मंग तेल येते, आतला दांडा सरकते, तिघंबी एक होऊन जाते. मंग त्या मोठ्याच्या म्हणण्यानं चालते सारं.”

त्यांनी कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या रॉकरमधली बारीक पिन स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ढकलून दाखवली. करंगळीच्या नखाएवढा तिचा व्यास असेल. ती जेमतेम काही मिलिमीटर सरकली, आणि तीन सुटे रॉकर एकमेकांना जखडले गेले. मिस्त्रींनी कॅमशाफ्ट हाताने फिरवला. आता मधल्या उंच कॅमने तिघांनाही एकदम खाली दाबलं. व्हॉल्व्हची उचल वाढलेली नुसत्या डोळ्यांना दिसत होती. पिन परत मागे सरकवली, पुन्हा फिरवलं. मधला कॅम आपला रॉकर हवेतल्या हवेत वरखाली हलवत राहिला आणि व्हॉल्व्ह बुटक्या कॅमच्या आज्ञेत गेले. मी त्यांना पुन्हा एकदा करायला सांगितलं. त्यांनी न कंटाळता केलं, आणि मग तेलाच्या वाटेवर असलेली बारीक जाळी काढून दाखवली. तेल वेळेवर बदललं नाही तर ही जाळी चोंदते, दाब पोचत नाही, आणि उंच कॅम जन्मभर फुकट फिरत राहतो. गाडीवाल्याला काहीच कळत नाही, कारण गाडी चालत असते. एवढंच वाटत राहतं, की हिच्यात पूर्वीचा दम उरला नाही.

या यंत्राची मला भुरळ पडली ती त्या पिनेमुळे. इंजिनाच्याच तेलाचा दाब, इंजिनाच्याच फेऱ्यांनी तयार झालेला, योग्य वेळी एका छिद्रातून सोडायचा. बाकी सगळं आत आधीपासून होतं. ताकद बाहेरून आणलेली नाही. ती त्याच दांड्यावर सुरुवातीपासून फिरत होती, फक्त तिला कामाला लावलं गेलं नव्हतं. आणि तिला कामाला लावायचं की नाही, हे चालवणाऱ्याच्या हातात राहतं. खालच्या फेऱ्यांत गिअर टाकत गेलं तर माणूस अशी गाडी दहा वर्षं चालवेल आणि त्या उंच कॅमची त्याची कधी भेटच होणार नाही.

वर्ध्याच्या तरुणांना ही भेट घडली ती मोटारीपेक्षा मोटरसायकलवर. यामाहाची आर-१५ ही १५५ सीसीची गाडी २०१८ पासून व्हीव्हीए घेऊन आली. तिच्यातही हवेच्या बाजूला दोन कॅम आहेत, एक खालच्या फेऱ्यांचा आणि एक वरच्या. ७४०० फेऱ्यांना सोलेनॉइड एक पिन सरकवतो आणि दुसरा कॅम कारभार हाती घेतो. त्या क्षणी मीटरवर व्हीव्हीए ही अक्षरं उमटतात. आर्वी नाक्यावर चहा पीत उभी असलेली कॉलेजची पोरं या अक्षरांबद्दल ज्या जिव्हाळ्याने बोलतात, तो ऐकण्यासारखा असतो. एकजण सांगतो, सेवाग्राम रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दिसतात. दुसरा म्हणतो, मागे कोणी बसलं असलं की उशिरा दिसतात. ते सगळे व्हॉल्व्हच्या उचलीबद्दल बोलत असतात आणि बरोबर बोलत असतात. पुस्तकात जे दोन पानांत समजत नाही ते त्यांना उजव्या मनगटातून समजलेलं असतं.

दुसऱ्या वाटेचं मूळ मोटारीपेक्षाही मोठ्या यंत्रांत आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली पेटंट घेतलं ते एका उधळपट्टीकडे पाहून. इंजिनात जाळलेल्या इंधनातली जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा गरम धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते. ब्युखींनी त्या धुराच्या वाटेत एक पंख्याचं चाक ठेवायचं ठरवलं, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं दुसरं चाक. धुराने पहिलं फिरवायचं, दुसऱ्याने ताजी हवा दाबून सिलिंडरात भरायची. लोहाराचा भाता जसा निखाऱ्याला फुलवतो तसं हे काम. फरक इतकाच, की इथे भाता ओढणारा हातही निखाऱ्याचाच. मोटारीच्या आधी ते मोठ्या डिझेल इंजिनांत, जहाजांत आणि विमानांत गेलं. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या शिखरावर, १४,००० फुटांवर नेऊन टर्बोची परीक्षा घेतली. विरळ हवेत इंजिनाने गमावलेली ताकद टर्बोने परत मिळवून दिली. पातळ हवेवरचा उतारा म्हणूनच ते आकाशात गेलं. मोटारीत यायला त्याला १९६२ उजाडलं; त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबील जेटफायर आणि शेव्हरोले कोर्व्हेअरची टर्बो आवृत्ती निघाली. पुढे सत्तरच्या दशकात पोर्शे ९११ टर्बो आणि साब ९९ टर्बो आल्या, आणि १९७७ साली रेनॉने फॉर्म्युला वनमध्ये पहिली टर्बो गाडी उतरवली. दोन वर्षांनी फ्रान्समध्येच, दिजाँच्या शर्यतीत रेनॉने टर्बोचा पहिला विजय मिळवला.

आपल्याकडे मात्र टर्बो हा शब्द डिझेलबरोबर आला. हैदराबाद रस्त्याने हिंगणघाटकडे जाणाऱ्या ट्रकांच्या पाठीवर तो रंगवलेला मी लहानपणी वाचत असे. जीप, पिकअप, बोलेरो असं करत तो गावोगाव पोचला. एकदा मिस्त्रींनी एका पिकअप गाडीचा खराब झालेला टर्बो माझ्या हातात दिला. हवेच्या बाजूचं चाक तळहातावर मावेल एवढं, पाती इतकी पातळ की कडेने बोट फिरवायची भीती वाटावी. हे चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतं, आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक लालभडक होईल इतकं तापतं. मिस्त्रींनी दांडा चिमटीत धरून वरखाली हलवला. तो हलायला नको होता, हलला. पात्यांची टोकं बाहेरच्या कवचाला घासून चमकत होती.

“दमून आला का लगेच चाबी बंद करते लोकं. तेल थांबते, हा गरगर फिरूनच राह्यते. जळते मंग.”

लांबून तापून आलेली गाडी मिनिटभर आयडलला ठेवून मग बंद करायची, ही शिकवण ट्रकवाले एकमेकांना देत आले आहेत, ती याच दांड्यासाठी.

आता तुलना करायची तर आकडे घेऊ. २००८ ची नवी होंडा सिटी, दीड लिटर, आय-व्हीटेक, ११८ अश्वशक्ती ६६०० फेऱ्यांना. ओढ १४६ न्यूटन मीटर, तीही साडेचार हजारांच्या पुढे. आणि पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनलेली २०१३ ची पोलो जीटी टीएसआय, जेमतेम १.२ लिटर, १०५ अश्वशक्ती. पण ओढ १७५ न्यूटन मीटर, आणि ती १५०० फेऱ्यांपासून. कागदावर सिटी बलवान. रस्त्यावर मात्र निम्म्याहून अधिक वेळा पोलो पुढे, कारण आपण सगळेच १५०० ते ३५०० फेऱ्यांत राहतो. अश्वशक्ती म्हणजे ओढ गुणिले फेरे. व्हॉल्व्हची उचल वाढवणारं इंजिन ही ताकद फेऱ्यांतून कमावतं, टर्बो ती ओढीतून देतो. २०२२ मध्ये चाकणमधूनच आलेल्या व्हर्टसचं दीड लिटरचं टर्बो इंजिन १५० अश्वशक्ती आणि १६०० फेऱ्यांपासून २५० न्यूटन मीटर देतं. असलं काही देणारं विनाटर्बो इंजिन करायचं तर ते अडीच लिटरचं करावं लागेल.

वर्धा जिल्ह्यातल्या रस्त्यांवर टर्बो जिंकतो, हे मी मनापासून मान्य करतो. हंगामात कापूस ठासून भरलेली गाडी रस्त्याच्या मधोमध डुलत चाललेली असते, तिचं पोट दोन्हीकडून बाहेर आलेलं. कारंजा-आष्टीकडून संत्र्याचे ट्रक येतात. मध्येच ट्रॅक्टर कुठल्याशा शिवारातून रस्त्यावर चढतो. ओव्हरटेकला मिळणारी मोकळी जागा थोडी असते. तिथे टर्बो गाडीत पाय थोडा दाबला की ती निघते, गिअर बदलायची गरज नाही, आणि समोरून येणारी एसटी जवळ पोचायच्या आत आपण आपल्या लेनमध्ये परत असतो. माझ्या सिटीत हेच करायचं तर आधी दोन गिअर खाली यावं लागतं, इंजिनाला ओरडू द्यावं लागतं, एसी बंद करावा लागतो. घरच्या माणसांना घेऊन रात्री नागपूरहून परतायचं असेल तर मी टर्बो गाडीच काढतो. जिथे जीव महत्त्वाचा, तिथे आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही.

उन्हाळ्याचं गणित मात्र दिसतं तितकं सोपं नाही. टर्बो हवा दाबून भरतो, म्हणजे मेच्या पातळ हवेची झळ त्याला लागू नये, असं वाटतं. काही अंशी तसं होतंही, चाक जास्त फिरतं आणि तूट भरून काढतं. पण हवा दाबली की तापते. मुळात ४६ अंशांची हवा दाबल्यावर सहज शंभराच्या वर जाते. तिला थंड करायला पुढे इंटरकूलर असतो, तोही बाहेरच्या हवेनेच थंड होतो. आणि बाहेरची हवा ४६ अंशांची असेल तर तो कितीही मोठा असला तरी त्याखाली नेऊ शकत नाही. इतकी गरम हवा आत गेली की ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच पेट्रोल आपोआप भडकू पाहतं, इंजिनात खडखड होऊ लागते. ती होऊ नये म्हणून संगणक ठिणगी उशिरा पाडतो, दाब कमी करतो. चालवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, काही सांगतही नाही. गाडी नेहमीसारखीच वाटते, फक्त थोडी मंद. विनाटर्बो इंजिन आपली नऊ-दहा टक्क्यांची तूट उघड दाखवतं. मेमध्ये ते दमतं आणि दमल्याचं पायाला कळू देतं. बोरच्या जंगलाकडे डिसेंबरात पहाटे निघालं की दोन्ही गाड्या ताज्यातवान्या असतात, आणि टर्बो गाडी तर अशी सुटते, की मे महिन्यातली हीच का ती, असं वाटावं.

मला टर्बोबद्दल जे खटकतं ते इथे आहे. पाय आणि इंजिन यांच्या मध्ये तिथे कोणीतरी बसलेलं असतं. पाय दाबला की आधी धूर वाढायचा, मग चाक वेग घ्यायचं, मग दाब तयार व्हायचा, मग ताकद. आजकाल हा विलंब निमिषावर आणला आहे हे खरं. तरी मागितलेलं आणि मिळालेलं यांचं माप जुळत नाही. कधी मागितल्यापेक्षा जास्त मिळतं, कधी उशिरा मिळतं. सिटीमध्ये पाय जेवढा, तेवढंच इंजिन. फेरे चढतात तशी ताकद चढते, एका रेषेत, आणि मग पाच हजारांच्या आसपास ती पिन सरकते. आवाज बदलतो, खोल होतो, हवा आत घुसल्याचा खर्ज पुढून ऐकू येतो. ते सुख फुकट मिळत नाही. त्यासाठी योग्य गिअरमध्ये असावं लागतं, आधी तयारी करावी लागते, वाट पाहावी लागते, आणि इंजिनावर विश्वास ठेवून पाय न उचलता त्याला वर जाऊ द्यावं लागतं. टर्बो सगळ्यांना सारखं देतो. उंच कॅम मागणाऱ्यालाच देतो. चालवणं ही काहीतरी कमावण्याची गोष्ट आहे असं ज्याला वाटतं, त्याचा जीव त्या कॅमवर जडतो. माझा जडला आहे.

म्हणून २०१५ च्या मार्चमधलं जिनिव्हाचं मोटार प्रदर्शन मला जिव्हारी लागलं. उंच कॅमची परंपरा जिने शिखरावर नेली, दोन लिटरच्या एस-२००० ला मिनिटाला नऊ हजार फेरे घ्यायला शिकवलं, त्याच होंडाने तिथे सिव्हिक टाइप आर टर्बो लावून मांडली, ३१० अश्वशक्तीची. त्याच प्रदर्शनात फेरारीने ४८८ मांडली. तिच्या आधीची ४५८ साडेचार लिटरची, विनाटर्बो, ९००० फेऱ्यांना ५७० अश्वशक्ती देणारी. नवीला दोन टर्बो, लिटर कमी, अश्वशक्ती ६७०. दोघांनाही दोष देता येत नाही. युरोपातले धुराचे नियम टप्प्याटप्प्याने आवळत होते, आणि त्यांची परीक्षा ज्या हलक्या चालीवर होते तिथे छोटं टर्बो इंजिन कमी पेट्रोल पितं. नियम माणसांच्या फुप्फुसांसाठी आहेत. एखाद्या आवाजासाठी ते सैल करा, असं कोणी म्हणू नये. मीही म्हणत नाही.

आणि त्या टाइप आरच्या हेडमध्ये डोकावलं तर व्ही-टेक तिथे अजून आहे. फक्त त्याची जागा बदलली आहे. आता तो धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची उचल बदलतो, म्हणजे खालच्या फेऱ्यांत जास्त धूर लवकर टर्बोच्या चाकावर जावा आणि विलंब घटावा. बीएमडब्ल्यूनेही दोन्ही वाटा जोडल्या. २००१ मध्ये त्यांनी व्हॉल्व्हट्रॉनिक आणलं, ज्यात व्हॉल्व्हची उचल सलग कमीजास्त होते आणि हवेच्या वाटेतल्या झडपेचं काम व्हॉल्व्हच करतात. २००९ पासून ते सहा सिलिंडरच्या टर्बो इंजिनाला जोडलं. म्हणजे भांडण मिटलं, एकत्र संसार सुरू झाला. अभियंत्याच्या नजरेने पाहिलं तर हेच बरोबर आहे. तरी एकेकाळी जो कॅम सगळ्या इंजिनाचा स्वर ठरवत होता, तो आता दुसऱ्याच्या चाकाला वारा घालतो, हे पाहून मला वाईट वाटतं आणि ते मी लपवणार नाही.

वर्ध्यात राहून यंत्रांचा विचार करताना मगन संग्रहालय टाळता येत नाही. गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ ला त्याचं उद्घाटन केलं. तिथे चरख्यांचे इतके प्रकार आहेत, की यंत्रविरोधी म्हणून ज्यांची ओळख सांगितली जाते त्या माणसांनी एकाच यंत्राच्या सुधारणेवर किती डोकं चालवलं हे कळतं. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अट अशी, की तो दीडशे रुपयांच्या आत मिळावा आणि वीस वर्षं टिकावा. मोटारीच्या इंजिनाला ही अट लावणं वेडेपणाचं आहे, पण तिच्यामागचा आग्रह मला पटतो. यंत्र वापरणाऱ्याच्या हाताच्या आणि समजुतीच्या आवाक्यात राहावं. माझ्या सिटीच्या उंच कॅमने वीस वर्षं केव्हाच ओलांडली. त्याला आजवर लागलं काय, तर वेळेवर तेल आणि स्वच्छ केलेली एक जाळी. टर्बो बिघडला की आतला सगळा गाभा बदलायचा, उघडून दुरुस्त करायची सोय वर्ध्यातल्या मिस्त्रींकडे नाही. तो पाठवायचा, वाट पाहायची, खर्च भरायचा.

जुनी गाडी ठेवायची म्हणजे पंधरा वर्षांनंतर फिटनेस, ग्रीन टॅक्स, नोंदणीचं नूतनीकरण हे सगळं करावं लागतं. मी करतो. एमएच ३२ ची ती पाटी गाडीवर राहावी असं वाटतं. आणि एक जागा मला सापडली आहे, जिथे कायदा न मोडता, कोणाला त्रास न देता उंच कॅमला कामाला लावता येतं. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, तो आपल्या जिल्ह्यातून जातो आणि वर्ध्याच्या माणसांसाठी त्यावर येळाकेळीला चढता येतं. महामार्गावर ताशी १२० ची मर्यादा आहे. पाचव्या गिअरमध्ये १२० ला माझं इंजिन मध्यम फेऱ्यांत असतं, बुटक्या कॅमवर. तिथे सिटी आणि कुठलीही साधी गाडी यांत फरक नाही. फरक आहे तो चढणाऱ्या वळशावर. नाका ओलांडला, वळण सरळ झालं, आरशात मागची लेन मोकळी दिसली, की दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबायचा. महामार्गाच्या वेगात मिसळायला तो वेग लागतोच. तीन हजार, चार हजार, एसी बंद, काचा थोड्या उघड्या. पाच हजारांच्या पुढे आवाज खोल जातो आणि गाडी पुढे झेपावते, लाल रेषेच्या अलीकडे तिसरा टाकायचा, तिसऱ्यातही ती त्याच उंच कॅमवर उतरते आणि तिथून पुढे ओढत नेते. शंभर दिसले की चौथा, पाचवा, एसी पुन्हा सुरू, आणि नागपूरपर्यंत शंभरच्या चालीने. डिसेंबर-जानेवारीत हे सकाळी सातच्या आत केलं तर इंजिनाला पुरेपूर हवा मिळते. मेमध्ये करायचं असेल तर सूर्य वर यायच्या आधी निघा, आणि निघण्यापूर्वी टायरमधली हवा तपासून घ्या. त्या रस्त्याचं काँक्रीट दुपारी फार तापतं.